चार स्पेस चालतात म्हणे!

अहो, ऐकलंत का? लिनक्स कर्नलमध्ये आता चार स्पेस चालतात! चोरूनमारून नाही हं, चांगलं लिहून ठेवलंय. डॉक्युमेंटेशनमध्ये रस्ट भाषेचं पान उघडा, स्वच्छ म्हटलंय की इंडेंटेशनला टॅब नाही, चार स्पेस. मी दोनदा वाचलं. म्हटलं, कर्नलचे कर्ते लिनसराव, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं कसं?

कारण कोडिंग स्टाइलच्या फाइलीत त्यांनी काय काय लिहून ठेवलंय, ते तुम्हाला मी काय सांगायचं! नव्वदीच्या दशकातली फाइल, पण अजून तशीच खणखणीत. सुरुवातच कशी, तर ग्नूवाल्यांचे नियम छापून घ्या, वाचू मात्र नका, जाळून टाका. आता बोला! दुसऱ्याच्या नियमांची होळी पेटवायची आणि तिच्या उजेडात आपले वाचून दाखवायचे. आणि लगेच पुढे, टॅब आठ अक्षरांचा. चारचा करू पाहणारे ते पाखंडी. दोनचा म्हणणारे तर... जाऊ दे, लहान मुलं ऐकताहेत. चारचा टॅब म्हणजे म्हणे पायची किंमत ३ धरण्यातला प्रकार. वीस-वीस तास स्क्रीनकडे बघून डोळे शिणले की कळेल म्हणे आठाचं महत्त्व.

कुणीतरी हळूच म्हणालं, अहो पण आठ-आठ अक्षरं आत सरकत गेलं तर ओळ पार उजव्या कडेला जाऊन आपटते. तर उत्तर तयारच होतं. तीनपेक्षा जास्त पातळ्या आत शिरत असाल तर तुमचं कोडच बिघडलंय, आधी ते निस्तरा. टॅबला कशाला नावं ठेवता? मला मेलीला हे उत्तर फार आवडलं हो, खोटं कशाला बोलू. आणि वरून काय, तर मी माझी मतं कुणावर लादत नाही! फक्त जे मला सांभाळावं लागणार, ते असं हवं. आणि सांभाळायचं काय, तर अख्खं कर्नल. लादत नाहीत म्हणे.

तर काय सांगत होते, रस्ट. डिसेंबर २०२२मध्ये, ६.१ आवृत्तीत रस्ट घरात आलं. मिगेल ओहेदा आणि मंडळींनी सरळ ठरवून टाकलं की बाहेरच्या रस्टच्या जगात जी रीत, तीच इथे. रस्टएफएमटी म्हणून एक टूल आहे, ते चालवायचं, ते मांडेल तसं मांडायचं, वाद संपला. आणि त्या टूलची मूळची सवय काय? चार स्पेस! झालं ना? तीस वर्षं पुढच्या दाराशी पहारा ठेवला आणि पाहुणा मागच्या दाराने येऊन पाटावर बसला सुद्धा.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. २०२५च्या ऑक्टोबरात लिनसराव त्या रस्टएफएमटीवरच घसरले. त्यात वर यूजच्या ओळी असतात ना, बाहेरून काय काय मागवलं त्याची यादी, ती हे टूल कधी एका ओळीत कोंबतं, तर कधी उभी पसरवतं. कोणत्या तर्काने, हे त्यांना काही उमगेना. आणि एका ओळीत कोंबलं की दोघांचे बदल एकमेकांत अडकतात, ते सोडवत बसायचं कुणी, तर यांनी. मग तोडगा काय निघाला माहितीये? यादीच्या शेवटी दोन तिरक्या रेघा ओढून एक रिकामी कॉमेंट ठेवायची. नुसती रिकामी! ती दिसली की टूल बिचारं प्रत्येक नाव आपापल्या ओळीवर ठेवतं. आणि हे सुद्धा आता नियमात लिहिलंय. इतकं डोकं लावून बनवलेलं टूल, त्याला फसवायला एक रिकामी कॉमेंट. आमची भाची हे सांगताना हसून हसून लाल झाली होती.

हो, भाची तिकडे पॅच पाठवते ना, म्हणून तर मला सगळं कळतं. तिचं येईल पुढे.

आधी त्या ऐंशी कॉलमांचं सांगते. ओळ ऐंशी अक्षरांच्या पुढे जायची नाही, हा केवढा जुना दंडक! चेकपॅच म्हणून पर्लची स्क्रिप्ट आहे, ती एक्याऐंशीव्या अक्षराला लगेच नाक मुरडायची. मग लोक काय करत, ऐंशीत बसवायला ओळीचे असे तुकडे पाडत की वाचणाऱ्याला अर्थ लागू नये. २०२०च्या मे महिन्यात लिनसराव म्हणाले, पुरे! ज्यांच्याकडे अजून ऐंशीच्या टर्मिनलच्या खिडक्या आहेत, त्यांच्यासाठी बाकीच्यांनी का सोसायचं? लगेच जो पर्चेसनी चेकपॅचची मर्यादा शंभरवर नेली. पण कोडिंग स्टाइलच्या फाइलीत काय लिहिलंय? पसंती ऐंशीलाच! वाचायला खरोखर सोपं होत असेल तरच पुढे जा. म्हणजे कागद म्हणतो ऐंशी, पहारेकरी टोकतो शंभराला. मधल्या वीस अक्षरांत नवशिक्यांनी काय समजायचं ते समजावं. अहो, पण मला विचाराल तर हेच शहाणपणाचं आहे. चेकपॅचबद्दल सुद्धा डॉक्युमेंटेशनमध्येच लिहून ठेवलंय की ही स्क्रिप्ट वाट दाखवायला आहे, माणसाच्या अकलेच्या जागी नाही. नियम मोडून कोड जास्त चांगलं दिसत असेल तर तसंच राहू द्या म्हणे. नियमांच्या पुस्तकात कुठे वाचलंय तुम्ही असं?

आणि घरोघरी रीत निराळी, हे तर विचारूच नका. नेटवर्किंगवाल्यांचं वेगळंच. लांब कॉमेंट लिहायची तर बाकी सगळीकडे पहिली ओळ मोकळी सोडतात, नुसती तिरकी रेघ आणि तारा. नेटवर्किंगवाले पहिल्या ओळीपासूनच मजकूर सुरू करायचे. तेही नियमाच्या फाइलीत अपवाद म्हणून नोंदवून घेतलेलं. २०१६मध्ये लिनसरावांची त्या कॉमेंटवर नजर गेली आणि असे भडकले, असे भडकले... कॉमेंटवरून हो! कोड बरोबर की चूक, ते राहिलं बाजूला. वरखाली सारखी दिसली पाहिजे, ही काय वेडीवाकडी तऱ्हा. तरी तो अपवाद फाइलीत आणखी कितीतरी वर्षं टिकला. पुढे काढून टाकला एकदाचा.

व्हेरिएबलांचं तर आणखी मजेशीर. नेटवर्किंगमध्ये फंक्शनच्या वरच्या घोषणा लांब ओळीपासून आखूड ओळीकडे लावायच्या. उलटा ख्रिसमस ट्री म्हणतात. एक्स८६वाल्यांकडेही तसंच, पण ते म्हणतात उलटा फरचा वृक्ष. झाड तेच! पण काही मेंटेनरांची हँडबुकं आता वेगवेगळी, आणि ती सगळी डॉक्युमेंटेशनमध्येच ठेवायची.

आणि हे ठेवायचं कुणी? हां, आता आले मी मुद्द्यावर. जरा इकडे सरका.

जॉनाथन कॉर्बेट. कोलोरॅडोतले. एलडब्ल्यूएन हे साप्ताहिक चालवतात ते १९९८पासून, आणि लिनक्सच्या ड्रायव्हरांवरचं ते जाडजूड पुस्तक लिहिणाऱ्यांतले एक. डॉक्युमेंटेशनची जबाबदारी २०१४च्या सुमारास त्यांच्याकडे आली. तेव्हा त्या फोल्डराची अवस्था काय होती म्हणता! आपला माळा असतो ना, दिवाळीला कंदील काढायला वर चढावं आणि हाताला लागावं फुटकं हार्मोनियम, आजोबांची छत्री आणि कुणाच्या तरी बारशाचा पाळणा, अगदी तस्सं. हजारोंनी फाइली, कुणी कधी ठेवल्या माहीत नाही. काहींमधलं हार्डवेअर दुकानातून केव्हाच गेलेलं. आणि टाकायचं म्हटलं की कुणीतरी म्हणणारच, असू दे हो, लागेल कधीतरी.

बरं, अधिकार काय? तर जवळपास काही नाही! स्केजुलरच्या मेंटेनरला नाही म्हणता येतं, तुझा पॅच घेत नाही जा. डॉक्युमेंटेशनवाल्याच्या फोल्डरात मात्र जो तो आपापल्या वाटेने कागद आणून टाकणार, आणि लिहायला सांगितलं की सगळे घाईत. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती, त्यात हजारोंनी बदल. एवढ्या मोठमोठ्या कंपन्या कर्नलवर माणसं नेमतात, पण डॉक्युमेंटेशन हेच काम म्हणून पूर्णवेळ पगारी माणूस कुणी ठेवत नाही. कॉर्बेटनी हे कितीदा बोलून दाखवलंय. त्यांच्या बोलण्यात चिडचिड नसते, हेच मला लागतं.

तर काय सांगत होते... हां, स्फिंक्स, म्हणजे या कागदांची पानं मांडणारं टूल. आधी डॉकबुक होतं. एक्सएमएलचं जंजाळ, आणि ते चालवायला ज्या खटपटी कराव्या लागत त्या सांगायच्या म्हणजे रात्र होईल. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवाल्यांना, म्हणजे डॅनियल व्हेटर, जानी निकुला या मंडळींना, कोडातल्या कॉमेंटमध्येच नीट मजकूर लिहायचा होता. मग वाद! एका बाजूला अॅस्कीडॉक, दुसऱ्या बाजूला स्फिंक्स. रुबी नको, पायथन बरं, पायथन नको, होतं तेच बरं... शेवटी २०१६मध्ये, ४.८ आवृत्तीपासून स्फिंक्सने घर केलं. पण खूश झाले सगळे? छे! स्केजुलरचे पीटर झिलस्ट्रा अजून फुरंगटलेले असतात. त्यांचं म्हणणं, मी फाइल एडिटरात वाचतो, तिथे ही ठिपक्या-कोलनांची नक्षी कशाला? साधा मजकूर साधा राहू द्या. खरं सांगू, त्यांचंही काही चुकत नाही. ज्याला वाचायला वेब ब्राउझर लागतो आणि ज्याला नुसती टर्मिनलची खिडकी पुरते, अशा दोघांसाठी एकच कागद ठेवायचा म्हणजे कुणाचं ना कुणाचं तोंड वाकडं होणारच.

आणि तो सगळा ढीग स्फिंक्समध्ये आणण्याचं काम सर्वांत जास्त कुणी उपसलं? मौरो कार्वाल्यो शेहाब, ब्राझीलचे. नाव ओळखीचं वाटलं ना? अहो, तेच! २०१२चा डिसेंबर, ऐन नाताळच्या तोंडावर, लिनसरावांनी सगळ्यांदेखत ज्यांची खरडपट्टी काढली होती ते. मीडिया ड्रायव्हरांमध्ये एक एरर कोड बदलला आणि लोकांचे आवाजाचे प्रोग्रॅम बिघडले. मौरो म्हणाले, ही चूक त्या प्रोग्रॅमची दिसते. बस्स! वापरणाऱ्याचा चालता प्रोग्रॅम कर्नलने कधी मोडायचा नाही, हा त्या घरातला पहिला नियम, आणि तो न पाळता वर प्रोग्रॅमलाच दोष? जे शब्द वापरले ते मी उच्चारणार नाही, तुम्ही वाचलेच असतील. मुद्दा लिनसरावांचाच बरोबर होता, तेवढंच म्हणते. पण चारचौघांत असं ऐकून घेतल्यावर दुसरा कुणी असता तर चप्पल घालून चालू पडला असता. हे राहिले. आणि पुढे हजारोंनी जुन्या फाइली एकेक करून नव्या मांडणीत आणल्या. २०२५मध्ये तर कोडातल्या कॉमेंटमधून डॉक्युमेंटेशन काढणारी पंचवीसेक वर्षांची जुनी पर्ल स्क्रिप्ट होती ना, कर्नल-डॉक, जिला हात लावायला भलेभले घाबरायचे, तीही त्यांनीच पायथनमध्ये नव्याने लिहिली.

लिनसरावांनी २०१८च्या सप्टेंबरात माफी मागितली, थोडे दिवस बाजूला झाले, आणि आचारसंहिता आली, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर इतकं बोलून झालंय की मला कंटाळा आला. तीही त्याच फोल्डरात आहे, बाकी कागदांच्या शेजारी.

मौरोंसारखंच रँडी डनलॅप यांचं. कुठे कॉमेंटमध्ये पॅरामीटरचं नाव चुकलंय, कुठे स्पेलिंग, कुठे बिल्ड करताना डॉक्युमेंटेशनची वॉर्निंग येतेय, वर्षानुवर्षं वेचत बसलेत. कुणी टाळ्या वाजवत नाही हो. नवीन फाइलसिस्टिम आली की केवढी बातमी होते!

बरं, हे निदान कर्नलच्या घरातलं. मॅन पेजेसचं ऐकलंत तर हळहळाल. ती वेगळ्या प्रकल्पात असतात ना. कर्नलला काय विचारायचं, कसं विचारायचं, उत्तर काय येईल, हे सगळं तिथे. मायकेल केरिस्क यांनी २००४पासून ती कितीतरी वर्षं सांभाळली, वर २०१०मध्ये दीड हजारांहून जास्त पानांचं पुस्तकही लिहिलं. मग आले आलेहांद्रो कोलोमार. मनापासून काम, पण फुकट. आणि २०२४च्या सप्टेंबरात त्यांनी सांगून टाकलं, आता मला परवडत नाही, मी थांबतो. आता विचार करा, मोठमोठ्या डेटा सेंटरांत बसलेले किती इंजिनियर दिवसातून कितीदा मॅन टाइप करत असतील! आयत्या बिळावर नागोबा सगळे. ते वाचून एकेकाचा चेहरा असा पडला म्हणे... अरेच्चा, हे एक माणूस एकटा करत होता? मोफत? काही आठवड्यांनी कंपन्यांनी खिशात हात घातला आणि नोव्हेंबरपासून त्यांना पैसे मिळू लागले. मिळाले ते बरंच झालं. पण थांबतो म्हटल्याशिवाय कुणाला सुचलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता भाचीचं. पहिला पॅच पाठवायचा म्हणून तिने ड्रायव्हर्समधलं स्टेजिंग गाठलं. बरीचशी नवखी पोरं तिथूनच सुरुवात करतात. चेकपॅच चालवायचं, ते जिथे बोट ठेवेल तिथे नीटनेटकं करायचं. दुसरीकडे असं काही पाठवलं तर मेंटेनर वैतागतात. नुसत्या स्पेस हलवल्या की पुढे कुठली ओळ कुणी का बदलली ते शोधणं अवघड होतं, आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती नेताना धागे अडकतात. स्टेजिंगमध्ये चालतं. हिने उत्साहात एकाच पॅचमध्ये टॅबही नीट केले, कंसही, कॉमेंटही. काही वेळात तिकडच्या बॉटचं उत्तर आलं, एका पॅचमध्ये एकच काम करा. आणि विषयाची ओळही चुकली होती. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, अगं, बॉट बोलला ना? माणूस बोलला असता तर? तिने तुकडे केले, प्रत्येकाखाली साइन्ड-ऑफ-बायची ओळ घातली. ती ओळ कशी आली ते माहितीये ना, २००३मध्ये एससीओने आयबीएमवर खटला भरला आणि कोड कुणाचं, कुठून आलं, यावर सगळ्यांची झोप उडाली. २००४पासून प्रत्येकाने आपल्या नावाने हमी द्यायची. पोरीने मन लावून नाव लिहिलं, जसं काही सातबाऱ्यावर चढतंय.

आता तिच्या डोक्यात भाषांतराचं खूळ आलंय. त्या फोल्डरात भाषांतरं आहेत ना, चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश. चिनी मंडळींचं काम तर बघण्यासारखं. मूळ इंग्रजी कागद बदलला आणि भाषांतर मागे पडलं, तर ते शोधून सांगायला स्क्रिप्ट सुद्धा आहे. मी आपलं विचारलं, मराठी कुठाय? ती म्हणाली, नाही. म्हटलं, मग घे की करायला, त्यात काय? कोडिंग स्टाइल पहिलं घे, त्या पाखंड्यांना मराठीत काय शोभतील अशा शिव्या आहेत आपल्याकडे!

तर ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, मावशी, एकदा करणं सोपं गं. दर दोन-अडीच महिन्यांनी मूळ बदलणार, आणि मेंटेनर म्हणून कुणाचं तरी नाव घालावं लागतं. कुणाचं घालू?

मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस?